आवक नंबर मागणाऱ्या रत्नाताई

रत्नाताई गेल्या.

आज सकाळी सहाच्या सुमारास, वाशीमच्या राहत्या घरी. त्यांची मुलगी पल्लवी हिने फोनवर सांगितलं. नंतर डॉक्टरांशीही बोललो.

सोमवारची वीज कार्यालयाची पाहणी रद्द झाल्याचा मेसेज सकाळपासून ग्रुपवर फिरतोय. तो खोटा आहे. फॉरवर्ड करू नका.

ज्यांना ताई माहीत नाहीत, त्यांच्यासाठी थोडं.

आपल्या गावात सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, हे अजूनही काही लोकांना पटत नाही.

आहेत. दुकानांची बिलिंग सिस्टीम, दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट, बियाणे विक्रेत्यांची अ‍ॅप इथल्या भाड्याच्या खोल्यांत तयार होतात. या कंपन्यांनी मिळून एक संस्था काढली. नफा नाही, कुणाला पगार नाही. सगळ्यांची बाजू सरकारी ऑफिसात मांडायची, एवढंच तिचं काम.

मागणी एकच. ऑफिसं आहेत त्या रस्त्याला वेगळी वीजलाइन द्या.

कारण दर बुधवारी दुरुस्तीच्या नावाखाली दिवसभर लाइट बंद. इन्व्हर्टर दुपारपर्यंत दम धरायचा. पुण्याचे क्लायंट म्हणायचे, ऑफिसच इकडे आणा ना.

तसं झालं असतं, तर शेलूबाजारहून रोज जीपने इथे कामाला येणारी किरण घरी बसली असती. घरचे तिला पुण्याला पाठवणार नव्हते. तिच्यासारख्या इथे बऱ्याच आहेत.

रत्नाताईंचा कॉम्प्युटरशी काही संबंध नव्हता. पाटबंधारे ऑफिसात आवक-जावक क्लार्क होत्या. आलेला प्रत्येक कागद रजिस्टरला चढवायचा, नंबर टाकायचा, शिक्का मारायचा. नोकरीभर हेच केलं आणि रिटायर झाल्या.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर निखिलची कंपनी. निखिल आसेगावचा, संस्थेचा अध्यक्ष. एका बुधवारी सगळा स्टाफ भर दुपारी जिना उतरून घरी निघाला. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या ताईंनी कारण विचारलं. निखिलने सांगितलं, दोन वर्षांपासून मेल करतोय, उत्तर नाही.

"आवक नंबर काय हाय?"

"ताई, मेलला नंबर नसतो."

"मंग तुह्या मागणीचा अजून जन्मच नाही झाला, बाप्पा."

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्या वीज कार्यालयात गेल्या. रजिस्टरमध्ये संस्थेचं नाव कुठेच नव्हतं. निखिलने काय केलं होतं? दर सोमवारी आपोआप रिमाइंडर जाईल, अशी सिस्टीम बनवली होती. रिमाइंडर ज्या साहेबाच्या पत्त्यावर जायचे, तो कधीच बदलून गेला होता.

हुशार पोरांचीच चूक. पत्ता बरोबर आहे का, हे कुणी जाऊन बघितलंच नाही.

ताई आठवडाभर हसत होत्या. पण त्याच दिवशी, तिथेच बाकावर बसून, त्यांनी रेघांच्या कागदावर अर्ज लिहिला. दोन प्रती. एकीवर शिक्का घेतला.

त्या दिवसापासून त्या संस्थेच्या सचिव.

वीज कार्यालयातल्या आताच्या साहेबांचं म्हणणं होतं की उद्योग म्हटला की मशिनरी लागते, हे तर टायपिंगवाले. मी बातमीसाठी तिथेच बसलो होतो. ताईंनी आवाज चढवला नाही.

"टायपिंग म्हना, साहेब. पन लाइट गेली का तुमच्या गिरणीवाल्याचं जेवढं बंद पडते, तेवढंच आमचं पडते. मंग त्याले वेगळी लाइन, आन आमाले काहून नाही?"

साहेब म्हणाले, बघू.

'बघू'वर थांबणारी ही बाई नव्हती.

ताईंनी नवा अर्ज दिला. बुधवारी आमच्याकडे लाइट नसते, आपल्या कार्यालयात असते. सबब येत्या बुधवारी आमचा स्टाफ आपल्या हॉलमध्ये बसून काम करील. हरकत असल्यास लेखी कळवावे.

शिक्का पडला. नंबर पडला. अर्ज नेहमीसारखा फाइलला लागला. कुणी वाचला नाही.

बुधवारी किरणसह सगळ्या पोरी आणि पोट्टे लॅपटॉप, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड घेऊन हॉलमध्ये बसले. साहेब केबिनमधून बाहेर आले. कोणी परवानगी दिली, म्हणाले.

ताईंनी पोच पुढे धरली. "तुमची हरकत आली नाही, साहेब. आमी वाट पाह्यली."

त्या दिवशी किरणचा क्लायंट कॉल वीज कार्यालयाच्या हॉलमधून झाला. शिपायाने तिच्यासाठी पंख्याखालची खुर्ची सोडली.

पुढच्या बुधवारीही ते गेले. त्याच्या पुढच्याही.

मग सर्व्हे झाला. प्रस्ताव तयार झाला. प्रत्यक्ष पाहणीची तारीख मिळाली, येता सोमवार. तोवर ताई अंथरुणाला खिळल्या होत्या. निखिलने तारखेचं पत्र दाखवलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं.

आज सकाळी नऊला कार्यालयातून निखिलला फोन आला. ताईंचं कळलं, वाईट झालं, अशा वेळी पाहणी नको, पुढे ढकलू.

बोलणारा माणूस मनापासून बोलत असेल. निखिलही हो म्हणण्याच्या बेतात होता. अंगणात माणसं जमत होती. त्याने पल्लवीला विचारलं.

पल्लवी म्हणाली, "पुढची तारीख देतो म्हने का?"

निखिलने फोनवर विचारलं. तारीख कुणाकडेच नव्हती.

"मंग सोमवारीच या म्हना."

त्यांना तसं सांगितलं. कार्यालयाने होकार दिला आहे. मी स्वतः अकराच्या सुमारास फोन करून खात्री केली.

काहींनी सुचवलं की दुखवटा म्हणून सोमवारी ऑफिसं बंद ठेवावीत. संस्थेने ठरवलं आहे, बंद नाही. पाहणीला येणाऱ्यांना सगळी मशीन चालू दिसली पाहिजेत. हो, मशीनच म्हणतो मी.

अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता घरून निघेल.

सोमवारी अकरा वाजता पाहणी. ताईंच्या जागी कागदपत्रं घेऊन किरण उभी राहील. त्यानंतर अहवाल वरच्या ऑफिसला जाईल, असं सांगण्यात आलं आहे. नाही गेला, तर बुधवार आहेच.

ताई, निघा आता. पुढचं आम्ही बघतो.