बोईसरच्या डिझेल इंजिनाचं माप

वाफेच्या इंजिनावर जीव टाकणारी माणसं मला पुष्कळ भेटली. डिझेल इंजिनासाठी कुणी हळवं होत नाही. ते कळकट, त्याचा आवाज कर्कश. मला मात्र तेच आवडायचं. पालघरला विजेच्या तारा येऊन बरीच वर्षं झाली होती. पण खडीच्या गाडीला, किंवा तारांचं काम निघालं की, एखादं जुनं डिझेल इंजिन यायचं आणि मी कॉलेजातून परस्पर फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहायची. मोठ्या डिझेल गाडीत इंजिन चाकं फिरवतच नाही, ते वीज तयार करतं आणि ती वीज चाकं फिरवते, हे वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचल्यापासून तर मला चैन नव्हतं. मग याला डिझेलचं म्हणायचं की विजेचं?

आमच्या घरात प्रश्नांना तोटा नव्हता, पण ते वेगळे असत. बाबा पत्रकं लिहायचे. मासवणकडच्या डोंगरातल्या जमिनी, कारखान्यांचं सांडपाणी, मच्छीमारांचा धक्का. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवरच. त्यामुळे मी इंजिनाचा हुबेहूब नमुना करणार म्हटल्यावर बाबांनी विचारलं, याचा उपयोग कुणाला? मी तावातावानं म्हणाले की ज्या यंत्रावर माणसांनी उमेदीची वर्षं घालवली ते भंगारात जाताना त्याचं साधं माप घ्यायलाही कुणी येत नाही, हाही अन्यायच आहे.

"हे सभेत बोल," ते म्हणाले. "घरात जरा हळू."

पण माळ्यावरची उरलेली पत्रकं त्यांनी मला दिली. ती खळीनं एकावर एक चिकटवून, वर पाटा ठेवून वाळवली की लाकडासारखा टणक पुठ्ठा होतो.

मला हवं होतं ते इंजिन बोईसरला एका खाजगी सायडिंगवर, मुख्य मार्गातून फुटलेल्या बाजूच्या रुळांवर, गंजत उभं होतं. मालाच्या वाघिणी ढकलणारं, लहानसं. पुढे लांब बॉनेट, मागे केबिन. दिवाळीनंतर ते कापून नेणार असं कळलं. तसं दुसरं इंजिन आमच्या भागात मी पाहिलं नव्हतं. तिथे फोटो काढायला मनाई होती आणि माझ्याकडे कॅमेराही नव्हता. म्हणजे एकदाच जाऊन माप घ्यायचं, ते चुकलं तर संपलं.

दांडी गावचा एक मिस्त्री बाबांकडे अर्ज लिहून घ्यायला यायचा. होड्या बांधायचा. त्याला मी विचारलं, तर तो लगेच तयार झाला. इतकं लोखंड चालतं कसं, याचं त्याला कुतूहल नव्हतं. ते वळतं कसं, याचं होतं. होडीला सुकाणू असतं, याला काय? रूळ वळतो म्हणून ते वळतं, हे माझं उत्तर त्याला पटलं नाही.

सायडिंगवरचा रखवालदार उत्तरेकडचा होता. डबा उघडता उघडता त्यानं सांगितलं, "फोटो नहीं. बाकी मेरा खाना होने तक देख लो, बेटी."

माझ्याजवळ शिंप्याची टेप होती. मिस्त्रीनं ती बाजूला सारली आणि हातानं मोजायला लागला, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तो भराभर लांबी आणि रुंदी घेत गेला. गुडघ्यांमुळे त्याला वर चढता येईना, म्हणून उंची मी घेतली. बॉनेटची, केबिनची, खिडक्यांची. मीही त्याच्यासारखीच हात टाकत होते. नमुन्याचं प्रमाण त्यानंच ठरवलं. एका हाताला एक बोट. आपल्या बोटाच्या रुंदीनं त्यानं एका काठीवर खुणा केल्या.

दांडीतल्या त्याच्या मांडवात, वाळत्या बोंबलांच्या वासात, मी पुठ्ठा कापून इंजिन उभं केलं. तोवर बोईसरचं इंजिन कापून नेलंही होतं. मिस्त्री दोन पावलं मागे सरकून बघत राहिला.

"बाय, हा इंजिन हाय का लग्नाचा मांडव?"

केबिन खरंच उंटासारखी वर आली होती. बॉनेटही फुगलेलं. मी आधी पुठ्ठ्याला दोष दिला, मग खळीला. मग रडू आलं ते रागाचंच होतं. एक गोष्ट खरी करायची म्हणून सगळं केलं आणि मूळ आता कुठल्या तरी भट्टीत गेलं होतं.

मिस्त्री म्हणाला, "उंची कोनाच्या हातानं मापली?"

मी माझा हात पुढे केला. तो कपाळावर हात मारून खाली बसला. होडीला पहिल्या फळीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाचा हात लागतो, मुलगा मदतीला असला तरी माप बापाचंच. हे त्याला झोपेतही ठाऊक होतं.

"ही होडी नाय ना, म्हनून मी इसरलो. तोड आता. दुसरा काय?"

तोडायचं मला मान्य नव्हतं. माझे आकडे खोटे नव्हते, फक्त दुसऱ्या, आखूड हाताचे होते, म्हणून जास्त भरले होते. मी त्याला फळीवर कोपर टेकवायला लावलं. शेजारी माझं कोपर टेकवलं. दोघांच्या बोटांच्या टोकांशी पेन्सिलीनं रेघ मारली. मधे जे अंतर उरलं ते त्याच्या तीन बोटांएवढं. तो आधी हसला, मग वाकून त्या दोन रेघांकडे बघत बसला. माझ्या हातासाठी आम्ही दुसरी काठी केली, तिच्यावरच्या खुणा त्याच प्रमाणात जवळ जवळ. केबिन आणि बॉनेट नव्यानं कापलं.

आता बसकं, रुंद, बरोबर दिसत होतं. पण बरोबर आहे हे सांगणार कोण? मी नमुना पिशवीत घालून बोईसरला गेले. सायडिंग रिकामं होतं, रुळांवर गवत. रखवालदारानं तो आपल्या बाकावर ठेवला आणि स्वतः जमिनीवर उकिडवा बसला, डोळे चाकांच्या पातळीवर आणून. नमुना हळूहळू फिरवून त्यानं चारही बाजू पाहिल्या.

मग तो म्हणाला, "इसका भोंपू कहाँ है?"

भोंगा आम्ही विसरलोच होतो. कुठे होता, मी विचारलं. त्यानं केबिनच्या छतावर, पुढच्या कडेला, किंचित डावीकडे बोट टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मी पिशवीतून पेन्सिल काढली आणि त्याच्या नखाशी खूण केली.