उजवा गाल

गणितातली फोरियर सिरीज शिकवताना मी मुलांना आधी तरंगाची आकृती नीट बघायला लावतो. मधल्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या जुळल्या, तर साइनच्या सगळ्या टर्म शून्य होतात, तेवढं गणित वाचतं. बाकीच्या टर्मसाठी अर्धाच तरंग सोडवायचा आणि दुप्पट करायचा. "दुसऱ्या अर्ध्याकडे बघूच नका," असं मी बजावतो. इतकी सवलत आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळते?

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर आज बायको पहिल्यांदाच आरशासमोर बसली. ओघळलेला डावा गाल तिने तळहाताने झाकला. "अहो, एवढी तरी मी पूर्वीसारखीच दिसते ना?"

"अगदी तशीच."

तिने हात खाली घेतला. "मग आता इकडे बघा."

मी आरशात तिच्या उजव्याच गालाकडे बघत राहिलो.