जॅकेटवरून घसरणारी शाल

पुण्यातल्या दुकानदाराने जॅकेटवर बाटलीभर पाणी ओतलं आणि विजयी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. पाणी घरंगळत त्याच्याच बुटांत गेलं. "मॅडम, हे घालून लडाखला जा, काही होणार नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "मला जानेफळला जायचंय." ते कुठे आलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण तिथेही चालेल, अशी ग्वाही मात्र त्याने लगेच दिली.

जॅकेट माझ्या मामांसाठी होतं. मामांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळला जन्मभर पोरांना शिकवलं. दिवाळीनंतर त्यांना न्युमोनिया झाला आणि दवाखान्यात राहावं लागलं. आता पुन्हा छातीला गारठा बसला तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमका याच हिवाळ्यात माजी विद्यार्थ्यांनी गुरुजींचा सत्कार ठरवला, तोही शाळेच्या उघड्या मैदानावर. त्यात अवकाळी पावसाचा अंदाज होता. मामींनी फोनवर हुकूम सोडला, "पुण्यात सारं भेटते म्हणतात. पाणी अन् गारठा दोन्ही लागणार नाही असं काही घेऊन ये. हे काही ऐकत नाहीत कोणाचं."

दुकानात जे उबदार होतं ते भिजणारं होतं, आणि जे भिजत नव्हतं ते आतून थंडगार होतं. दोन्ही गुण असलेल्या एकात मामा हिमालयात वाट चुकल्यासारखे दिसले असते. शेवटी एक काळं, आतून लोकरीचं, टोपीवालं जॅकेट निवडलं. स्वतःसाठी मात्र फक्त रंग पाहून एक लाल स्वेटर घेतला. छत्री घ्यायचं सुचलंच नाही.

सकाळी मेहकरच्या स्टँडवर उतरले तेव्हा बारीक, चिवट पाऊस लागला होता. जानेफळच्या एसटीत जागा मिळाली ती बंद न होणाऱ्या खिडकीजवळ. काही वेळातच स्वेटरने एवढं पाणी प्यायलं, की तो गुडघ्यापर्यंत लोंबू लागला. शेजारच्या बाईने डोक्यावरून खताच्या पोत्याची खोळ घेतली होती. ती माझ्याकडे मोठ्या आवडीने बघत होती.

"काऊन वं, छत्री नाही आणली?" (काऊन म्हणजे का.)

"राहिली."

"अन् या पिशवीत काय हाय?"

"जॅकेट आहे. पावसाचं."

"मंग घालत काऊन नाही?"

"मामांसाठी आहे. नवं आहे, भिजायला नको."

बाईने साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "पाह्य माय! पावसाचं जाकीट भिजू नये म्हणून पोरगी भिजून राह्यली!" कंडक्टरसुद्धा हसला. मला राग आला, पण जॅकेट काही मी पिशवीतून काढलं नाही.

घरी मामींनी चुलीपुढे बसवून गरम भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं, तेव्हा कुठे दात वाजायचे थांबले. मामांनी जॅकेट चढवलं, आरशात पाहिलं आणि टोपी दोनदा घालून-काढून पाहिली. एकंदरीत ते खूश होते. मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराने नव्हतं, हे मला कळत होतं.

मैदानावरचा मांडव म्हणजे झिरझिरीत रंगीत कापड. पाऊस त्यातून गाळून येत होता, एवढंच. मंचावर माजी विद्यार्थी इस्त्रीच्या कडक कपड्यांत कुडकुडत होते, कारण स्वेटर घातला असता तर इस्त्री दिसली नसती. संयोजक गजानन, म्हणजे मेहकरचा खत-बियाण्यांचा दुकानदार, पुढे आला आणि त्याने गुरुजींच्या खांद्यावर पहिली शाल घातली. ती जॅकेटवरून सरळ खाली घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. फोटोवाला वैतागला.

"सर, जाकीट काढा ना जरा," गजानन म्हणाला, "शाल बसत नाही."

आणि जन्मात कोणाचं न ऐकणाऱ्या मामांनी विद्यार्थ्यांचं ऐकलं! दुकानदाराने लडाखची हमी दिलेलं ते वस्त्र खुर्चीच्या पाठीवर जाऊन पडलं.

मग सुरू झाला तो आपला थोर रिवाज. शाल घालायची, फोटो काढायचा, आणि मळू नये म्हणून लगेच उतरवून, घडी घालून पुन्हा पाकिटात! एकेका तुकडीची शाल आली आणि गेली. खाली टेबलावर उबेचा ढीग लागला होता आणि त्याच्यामागे सत्कारमूर्ती पातळ सदऱ्यात थरथरत होती. मामांना खोकला सुरू झाला. मामींनी माझा दंड एवढा घट्ट धरला, की मी उठलेच. मंचावर जाऊन जॅकेट उचललं.

"ताई, फ्रेममधून बाजूला व्हा," फोटोवाला ओरडला.

"थोडेच सत्कार राह्यले हो," गजानन गयावया करत म्हणाला.

"म्हणजे तोवर माणूस राहिला नाही तरी चालेल?" मी विचारलं. मला एवढा संताप आला होता, की माझाच आवाज फाटला.

तेवढ्यात मामांनी माईक ओढला. आधी खोकले, मग म्हणाले, "गजानन, उभा राह्य." गजानन उभाच होता, तरी तो आणखी ताठ झाला.

"साऱ्या शाली आण इकडे."

"सर, त्या पॅक केल्या..."

"फोड."

मामांनी जॅकेट घातलं, टोपी ओढली आणि वरून एकेक करून साऱ्या शाली घेतल्या. त्या अर्थातच घसरू लागल्या.

"घसरते तर धरून ठेवा. वर्गात उभं राह्याची सवय हायच तुमाले."

मग दुकानदार, ठेकेदार, एक माजी सरपंच, असे सगळे गुरुजींच्या खुर्चीमागे शाली धरून उभे राहिले, आणि मामा मनसोक्त बोलले. फोटो झकास आले म्हणतात.

पुण्याला परतले ती धास्ती घेऊनच. रोज फोन करत होते आणि मामी रोज "पाहू" म्हणत होत्या. आठवडा उलटल्यावर त्यांचाच फोन आला. आवाज रडवेला होता.

"मामांना ताप आला का?"

"त्यायले काय होते! तुझं जाकीट घालूनच झोपतात. पण शैला, साऱ्या शालीची पाकिटं फोडून टाकली वं त्यायनं. आता लग्नसराईत मी लोकायले काय देऊ?"

मी एवढी हसले, की खुर्चीत बसावं लागलं. मग कपाट उघडलं. नवऱ्याला सोसायटी, मंडळं आणि बँकेने दिलेल्या शाली तिथे वर्षानुवर्षं घडीत पडून होत्या. बाहेर पावसाळी गारठा होता आणि मी अजून शिंकत होते. शालींवरची धूळ पुसली आणि साऱ्या मामींना कुरियरने पाठवून दिल्या, एकही पाकीट न फोडता.