उष्ट्या पाण्याचा डबा

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी नांदेडजवळच्या एका थीम पार्कच्या रेस्टॉरंटमध्ये कामाला लागले. पार्क म्हणजे सिमेंटचे दोन डायनासोर, आकाशपाळणा, लहान मुलांची झुकझुक गाडी आणि एक रेन डान्स. दुष्काळामुळे रेन डान्स बंद होता. त्याच्या फाटकावर ‘पाणी वाचवा’ अशी पाटी लावली होती आणि लोक त्या पाटीखाली उभे राहून हौसेनं फोटो काढायचे. रेस्टॉरंट मात्र चालू होतं आणि रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसायची.

मुलाखत अशी काही झालीच नाही. मॅनेजरसाहेबांनी गाव विचारलं, मी औशाजवळचं सांगितलं. मग आडनाव विचारलं. ते ऐकून आणि माझ्या गळ्यातला लिंगाचा दोरा बघून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. ते स्वतःही लिंगायतच होते. “हिला पाण्यावर घ्या,” त्यांनी बाजूच्याला सांगितलं आणि मला म्हणाले, “महिनाभर बघू. नीट केलंस तर पक्की करून टाकू.”

पाण्यावर म्हणजे फिल्टरपाशी उभं राहून जग भरायचे, टेबलावर ग्लास ठेवायचे, लोक उठले की टेबल पुसून भांडी मागं न्यायची. काम सोपं होतं, पण पक्कं होणं माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती. आमच्या गावात तेव्हा टँकर यायचा. त्याचा हॉर्न ऐकला की हातातलं टाकून घागरी घेऊन पळायचं, आणि मी बारावी नापास झाल्यापासून हे पळणं माझ्याच वाट्याला आलं होतं. धक्काबुक्कीत एकदा माझा खांदा निखळला होता. वडलांनी मला नांदेडला आत्याकडे पाठवताना स्पष्ट सांगितलं होतं, “पक्की झालीस तर ऱ्हा तिथं. न्हाई तर माघारी ये, हितं पाण्याला माणूस लागतंय.” मला माघारी जायचं नव्हतं. नळ सोडला की पाणी यावं, याहून मोठं काही मी त्या वर्षी देवाकडे मागितलं नाही.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना अर्धा अर्धा ग्लास दिला. आमच्या घरी तशीच रीत पडली होती. लागलं तर पुन्हा मागायचं. मॅनेजरसाहेब धावत आले. “पाहुण्याला अर्धा ग्लास? काठोकाठ भर.” मी काठोकाठ भरायला लागले. लोक दोन घोट प्यायचे, बाकीचं तसंच ठेवून आकाशपाळण्याकडे पळायचे. ते पाणी बेसिनमध्ये ओतताना माझा जीव खालीवर व्हायचा. तिसऱ्या दिवशी मी तेलाचा एक रिकामा डबा घासूनपुसून घेतला, फिल्टरच्या टेबलाखाली ठेवला आणि ग्लासांतलं उरलेलं पाणी त्यात ओतू लागले. मी कोणाला विचारलं नाही. हे काही चुकीचं असेल असं डोक्यातही आलं नाही.

मागं भांडी घासायला नायगावच्या एक मावशी होत्या. पार्क सुरू झालं तेव्हापासून, म्हणजे सात वर्षं, त्या तिथं होत्या. माझा डबा बघून त्या हसल्या. “काय गं, म्हैस पाळलीस काय कुठं? कुणाला पाजून राहिलीस हे?” पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच डबा मागून घेतला आणि त्या पाण्यात करपलेली पातेली भिजत घातली. फरशीही त्यानंच पुसली. मग तो आमचा रिवाजच झाला. डबा भरला की मी हाक मारायचे, त्या यायच्या आणि दारात थांबायच्या. डबा उचलून त्यांच्या हातात नेऊन मीच द्यायचे. आत येऊन त्या कधी उचलत नसत. मला वाटायचं, त्यांचे पाय दुखत असतील.

खरं काय ते उदगीरच्या आचाऱ्यानं सांगितलं. हा माणूस दिवसातून एकदा तरी “उदगीर जिल्हा होऊ द्या, मग बघा” असं म्हणायचा आणि आम्ही त्याला कलेक्टरसाहेब म्हणून चिडवायचो. “मावशी बौद्धाची हाय,” तो पोळी उलटता उलटता म्हणाला. “साहेबाला ती पाण्यापाशी आलेली चालत न्हाई. तोंडानं कधी बोलले न्हाईत. पण तिलाबी कळतंय, आम्हालाबी कळतंय.” मी पाण्यावर का होते, हे मला तेव्हा उमगलं. मला वाईट वाटलं. पण आपलं काम बदलून मागावं, इतकं वाईट वाटलं नाही.

महिना भरायला दोन दिवस होते आणि रविवार होता. दुपारी जेवणाच्या गर्दीत लातूरचं एक कुटुंब आलं होतं. त्यातले गृहस्थ हात धुवायला उठले आणि फिल्टरच्या बाजूनं गेले. मी पाठमोरी होते, चार-पाच ग्लास एकदम डब्यात रिकामे करत होते. त्यांचा आवाज चढला. “उष्टं पाणी परत भरून राहिले इथं! आम्ही घरी थेंब थेंब मोजून पितो, आणि इथं लोकांचं उष्टं पाजता?” टेबलांवरचे ग्लास खाली ठेवल्याचे आवाज आले. दोघातिघांनी मोबाइल काढले.

मी डबा उचलला आणि दाराकडे गेले. मावशी गलका ऐकून दारात आल्या होत्या. मी डबा त्यांच्या हातात दिला. रोज द्यायचे तसाच दिला. सवयीनं दिला की भीतीनं, हे मी अजून स्वतःला विचारते, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

मॅनेजरसाहेब आले तेव्हा डबा मावशींच्या हातात होता. डबा कोणाचा, हे साहेबांनी विचारलंच नाही. त्या गृहस्थांनाही कोण होतं ते नक्की सांगता आलं नसतं, आमच्या दोघींचे ॲप्रन एकाच रंगाचे होते. “तुला पाण्यापाशी कोणी बोलावलं होतं?” साहेब ओरडले.

“मी आत आले न्हाई, साहेब,” मावशी म्हणाल्या. “सात वर्षं झाली, मी त्या फिल्टरला हात लावला न्हाई. तुम्हालाच ठाऊक हाय.”

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही, नुसतं बघितलं आणि थांबल्या. मी एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे टँकर आला, त्या घागरी आल्या. मी फिल्टरपाशी गेले, जग भरला आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे चालू लागले. तिथं कोणी पाणी मागितलं नव्हतं.

“त्या बाईला काढलंय, आता निवांत जेवा,” असं साहेब मागून लोकांना सांगत होते. आणि लोक खरंच जेवले. त्या गृहस्थांनी तर पोळ्या परत मागवल्या.

मंगळवारी मी पक्की झाले. वडलांना फोन केला तेव्हा ते किती तरी वेळ नुसतं “बरं झालं, बरं झालं” म्हणत होते. आनंदाची बातमी सांगूनही माझं तोंड कडूच राहिलं. पंधरा दिवस मी कसेबसे काढले. मग सुट्टीच्या दिवशी एसटीनं नायगावला गेले आणि विचारत विचारत मावशींचं घर शोधलं.

मावशी दारात तूर निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, आतून खुर्ची आणली, पदरानं पुसली. शेजारणीला हाक मारून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. जरा वेळानं शेजारीण दुकानातून पाण्याची सीलबंद बाटली घेऊन आली. मावशींनी ती माझ्यापुढं ठेवली.

“मावशी, घरचं चाललं असतं की मला.”

“चाललं असतं गं. पण तुला उगा कोड्यात कशाला टाकू.”

मी सील तोडलं आणि प्यायले. मग खाली मान घालून म्हणाले, “मावशी, डबा माझा होता.”

“मग? माझ्या हातात तूच दिलास की.”

“तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?”

मावशी तुरीतला खडा शोधत राहिल्या. “माझं कोण ऐकणार होतं?” त्या म्हणाल्या. “तुझं ऐकलं असतं.”

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. रागानं बोलल्या असत्या, तर मी तिथंच रडून मोकळी झाले असते.