आधी दूध बघू, मग मोर्चा

शकुंतलाताईंची आणि माझी पहिली भेट झाली ती भांडणात, आणि भांडत होतो मी एकटाच. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. राजुरी आणि बोरी बुद्रुकच्या मधे असलेल्या आमच्या वस्तीवर आम्ही नवी दूध संस्था काढली होती आणि तिचा चेअरमन म्हणून माझी मान तेव्हा जरा जास्तच ताठ असायची. ताई दूध संघाच्या पर्यवेक्षक. लुनावरून गावोगावच्या संस्था तपासत फिरायच्या. त्या दिवशी त्यांनी लुना स्टँडला लावली आणि मी नमस्कार करायच्या आधीच विचारलं, "ताई, तुमी कुठल्या गटाच्या?"

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, कपाळाचा घाम टिपला आणि म्हणाल्या, "मी दूध तपासायला आलेय. आधी दूध बघू."

मला ते उत्तर उर्मट वाटलं. संध्याकाळी मी सगळ्यांना सांगून टाकलं की बाई समोरच्या गटाची आहे, म्हणूनच सरळ बोलत नाही. पुढे कळलं की समोरच्या गटातले लोक त्यांना आमच्या गटाची समजत होते. ताईंना दोन्हीकडच्या गोष्टी ठाऊक होत्या आणि दोन्हीकडचा चहा त्या सारख्याच आवडीने पीत.

आमच्याकडे तेव्हा कशालाही गट होता. किराणा दुकानाला होता, पिठाच्या गिरणीला होता, भजनी मंडळालासुद्धा होता. माणूस बोलायला लागला की तो काय म्हणतोय हे नंतर, आधी तो कुणाचा हे बघायचं. जुन्या दूध संस्थेच्या निवडणुकीत आमचं पॅनेल पडलं, तेव्हा मीच चाळीसेक घरांना बाहेर काढलं आणि ही संस्था उभी केली. त्या घरांतली निम्मी माझ्या शब्दावर आली होती.

त्याच उन्हाळ्यात आमचं संध्याकाळचं दूध दूध संघाच्या चिलिंग सेंटरवरून, म्हणजे दूध गार करायच्या केंद्रावरून, परत यायला लागलं. एकदा आलं, दोनदा आलं, मग दर दोन-चार दिवसांनी. चिठ्ठीवर एकच शब्द, 'फाटले'. शेवटी दूध संघाचं पत्र आलं की सुधारणा झाली नाही तर संस्थेचं दूध घेणं बंद करू. म्हणजे चाळीस घरांनी किटल्या घेऊन पुन्हा जुन्या संस्थेच्या दारात उभं राहायचं, आणि तिथल्यांचं हसणं ऐकत दूध घालायचं. या विचाराने माझी झोप उडाली होती.

कारण मात्र माझ्याकडे तयार होतं. चिलिंग सेंटरवर दूध तपासणारा माणूस समोरच्या गटातल्या पुढाऱ्याचा पाहुणा होता. आमच्या गटातले सर्वात वडीलधारे बबनभाऊ म्हणाले, "आपलं दूध लई चांगलं हाय. हे सगळं पॉलिटिक्स हाय, राव." आम्ही माना डोलावल्या. सोमवारी मोर्चा न्यायचा आणि सेंटरच्या दारात दुधाचे कॅन ओतायचे असं ठरलं. मी भाषणही लिहून काढलं. माझी बायको सुनंदा एवढंच म्हणाली, "एकदा दूध घरी तापवून तर बघा." मी तिला म्हटलं, "तुला यातलं कळत न्हाई." हे वाक्य ती मला आजही वर्षातून एकदा तरी परत करते.

गुरुवारी संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला ताई आल्या. मोर्चाचं त्यांच्या कानावर गेलेलं होतं. कोपऱ्यात उभ्या राहून बघत राहिल्या आणि लोक पांगल्यावर विचारलं, "गाळायचं फडकं कुठंय?"

आता हे सांगताना मला खाली बघावं लागतं. निवडणुकीत आमच्या पॅनेलने कार्यकर्त्यांसाठी एका रंगाची उपरणी आणली होती. पॅनेल पडलं आणि गठ्ठाभर उपरणी उरली. रंग कोणता ते लिहीत नाही, उगीच कुणीतरी नवं पॅनेल काढायचं. तर त्या उपरण्यांनी आम्ही अभिमानाने दूध गाळत होतो. गाळून झालं की गार पाण्यात खळबळायचं आणि खिळ्याला अडकवायचं.

ताईंनी ते खिळ्यावरून काढलं, वास घेतला आणि माझ्या नाकापुढे धरलं. आंबूस वास होता.

"हे उकळत नाही का तुम्ही?"

"उकळलं तर रंग जातोय, ताई."

ताई हसल्या नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं. त्यांनी पिशवीतून पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा काढला आणि मागे थांबलेल्या सुनंदाला तो घरी उकळून आणायला सांगितला. मग एक कॅन उपरण्याने गाळून भरला, दुसरा पांढऱ्या फडक्याने, आणि दुसऱ्याच्या कडीला सुतळी बांधली. "चेअरमन, टेम्पोत बसा," म्हणाल्या. स्वतः लुनावरून मागोमाग आल्या.

सेंटरवर त्यांनी त्या पाहुण्याला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि काचेची नळी माझ्या हातात दिली. पहिल्या कॅनमधलं दूध मी स्वतः ज्योतीवर धरलं. उकळी आली तशा नळीच्या कडेला बारीक गुठळ्या दिसल्या. सुतळीवाल्या कॅनमधलं धरलं, ते छान वर आलं, एक कण नाही. मी म्हटलं, "ताई, पुन्यांदा करू?"

"करा की. दूध भरपूर आहे."

मी तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

खरं तर मला शरम वाटायला हवी होती. ती नंतर आली. त्या क्षणी मला इतकं हायसं वाटलं की मी तिथल्या बाकड्यावर बसलोच. राजकारण असतं तर मी कुणाचे पाय धरले असते, किती मोर्चे काढले असते? आणि इथे सगळा उपाय एका पातेल्यात उकळणार होता. चाळीस घरांचं दूध वाचलं होतं. निघताना ताई म्हणाल्या, "मोर्चाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी कुणाला काही सांगणार नाही." त्यांनी अहवालातही फक्त 'फडके बदलले, दूध चांगले' असंच लिहिलं.

राजकारण कुठेच नसतं असा ताईंचा दावा कधीच नव्हता, हेही लिहायला हवं. पुढे दोन हजारनंतर एकदा आमच्या वस्तीवरचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि आठवडे गेले तरी बदलून मिळेना. मी आता शहाणा झालो होतो, म्हटलं आपलंच काही चुकलं असेल. ताईंनी आमचे सगळे अर्ज तारखांनिशी मागून घेतले, वाचले आणि म्हणाल्या, "या वेळी खरंच राजकारण आहे. चला." त्या आमच्याबरोबर जुन्नरच्या कचेरीत आल्या, आवाज न चढवता अर्ज एकेक करून टेबलावर मांडत गेल्या, आणि ट्रान्सफॉर्मर आला. दूध असो की राजकारण, तपासल्याशिवाय नाव ठेवायचं नाही अशी त्यांची रीत. सुनंदाला दूध तपासायला त्यांनीच शिकवलं. पुढे कितीतरी वर्षं आमच्या संस्थेत तिचाच शब्द शेवटचा होता.

इथपर्यंतची गोष्ट सुनंदाला माहीत आहे. यापुढची मी तिलाही सांगितली नव्हती.

सेंटरवर नळी तापवली त्याच आठवड्यातल्या रविवारी मोर्चाच्या तयारीची बैठक होती. गुरुवारपासून दूध एकदाही परत आलं नव्हतं. खरं काय ते सांगायचं असं ठरवूनच मी गेलो होतो. पण मी उभा राहिलो आणि बबनभाऊंनीच विचारलं, "काय भाऊ, सेंटरवाले नमले का?"

मी म्हणालो, "नमले."

टाळ्या झाल्या. पांढऱ्या फडक्यांचं मी सांगितलं की संघाचा नवा नियम आलाय. पुढच्या आठवड्यात ताई आल्या तेव्हा बबनभाऊंनी त्यांना छाती काढून सांगितलं, "मोर्चाच्या धाकानं नमवलं बघा." ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दूध चांगलं येतंय ना, मग झालं." त्या एवढ्यावर थांबल्या आणि मी वाचलो. सेंटरवरचा तो माणूस मात्र वाचला नाही. त्याला लोक वर्षानुवर्षं 'नमलेला' म्हणून हसत राहिले. मध्यंतरी बोलता बोलता ताई म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला अजून हसतात हो." तेवढंच म्हणाल्या.

म्हणून ताईंच्या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी हेच लिहायचं ठरवलं. छापायला देण्याआधी त्या माणसाच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं आणि चहा टाकायला सांगितला. सुनंदाला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मला वाटलंच व्हतं." शेवटी बबनभाऊंकडे गेलो. ते आता फारसे उठत नाहीत. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हंजी आपलं दूध खरंच खराब व्हतं?"

"व्हतं."

"मग मोर्चा नेला न्हाई ते बरं झालं. लई हसं झालं असतं."

इतक्या वर्षांनी मी मोकळा हसलो.

शकुंतलाताई आता साठ वर्षांच्या होत आहेत. लुनाने गुडघे खाल्ले अशी त्यांची तक्रार असते. ते गुडघे त्यांना अजून खूप वर्षं वस्तीवस्तीवर नेवोत, डोळे असेच स्वच्छ राहोत, आणि आमच्यासारख्यांच्या घरचा चहा त्यांना पचत राहो. यात माझा स्वार्थ आहे, कारण रागाच्या भरात मी अजूनही कुणालाही कुठल्याही गटात टाकतो आणि मला थांबवणारं माणूस हवं आहे. बाकी, ताई, त्या रविवारी बैठकीत सांगायचं राहिलं ते आज सगळ्यांसमोर सांगतो. कुणी नमलं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती तुम्ही शोधलीत.