नाना म्हणत नाहीत, कॉम्प्युटर म्हणतो

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला दर दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं जायचं आणि त्याला माझा जाहीर विरोध होता.

जाहीर म्हणजे खरोखरच जाहीर. 'यंत्राची पूजा, बुद्धीची रजा' अशा मथळ्याचं पत्रक मी स्वतः स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून भिंगारच्या बाजारात वाटलं होतं. पहिली प्रत आमच्याच दारावर चिकटवली. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती उभ्याउभ्या वाचली, "शाई फार फासलीय गं," म्हणाले आणि काढून कपाटाच्या खणात अंथरली.

पण हळदकुंकू हा वरवरचा रोग. खरा रोग त्या कॉम्प्युटरच्या पोटात होता! नाना लष्कराच्या एका कचेरीत सिव्हिलियन क्लार्क होते. निवृत्त झाल्यावर माणसं फुलझाडं लावतात. नानांनी पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आणि एक किंचाळणारा प्रिंटर आणून ठेवला आणि दारावर पाटी लावली : 'संगणकीय जन्मपत्रिका. अचूक व त्वरित.' नानांना ज्योतिषातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांना त्याची गरजही वाटत नव्हती. गिऱ्हाइकानं शंका काढली की ते शांतपणे पडद्याकडे बोट करायचे.

"मी कुठं म्हणतोय? कॉम्प्युटर म्हणतोय!"

आणि मी, अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढणारी त्यांची मुलगी, फाटकापाशी उभी राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्रक कोंबायचे. लोकही नाही म्हणायचे नाहीत. पत्रिकेला घडी पडू नये म्हणून ती माझ्या पत्रकात गुंडाळून न्यायचे.

अशात आमच्या संघटनेतल्या सुभाषनं मला विंडोजबद्दल सांगितलं. तो नगरला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचा. "आपल्या पत्रकांना मराठी टाइप मिळेल. चौकट काढता येते. आणि मथळा हवा तेवढा जाड करता येतो."

हवा तेवढा जाड मथळा! मी त्याच संध्याकाळी नानांपुढे मागणी ठेवली.

"नाना, आपण विंडोज घालून घेऊ."

"आहे त्या डॉसला काय धाड भरलीय?"

"काळाकुट्ट पडदा, त्यावर एक ठिपका लुकलुकतोय. हुकूम दिल्याशिवाय इकडचा तिकडं होत नाही तो."

"मग! जवान आहे तो. हुकूम दिला की तामील. तुझ्या त्या खिडक्यावाल्याला काही सांगितलं तर उलट विचारतो म्हणे, 'नक्की का?' आमच्या साहेबाला असं कुणी विचारलं असतं तर..."

"ही हुकूमशाही झाली, नाना! विंडोज म्हणजे लोकशाही. प्रत्येकाची आपापली खिडकी. हवी ती उघडा."

"आणि सगळ्या एकदम उघडल्या म्हणजे?"

"म्हणजे काय?"

"बंद पडतं, असं ऐकलंय."

(हा अपप्रचार होता. दुर्दैवानं खराही होता.)

चर्चा फिसकटली. पण पुढच्याच आठवड्यात नाना पुण्याला पुतण्याच्या वास्तुशांतीला गेले आणि मी सुभाषला बोलावून घेतलं. तो फ्लॉप्यांची चळत घेऊन आला, आत डोकावला आणि मान हलवली.

"दोन्ही मावणार नाहीत, विद्या. डिस्क फार लहान आहे. एक काहीतरी ठेवायचं. जुनं ठेवायचं नसेल तर सगळं पुसून कोरी करावी लागेल. आत महत्त्वाचं काही आहे का?"

मी पूर्ण विचार करून उत्तर दिलं, "अंधश्रद्धा आहे."

"मग पुसतो."

"पूस!"

आजवरच्या चळवळीतलं हे माझं सगळ्यात झटपट यश. (नानांचा धंदा बुडवायचा हेतू मुळीच नव्हता, हे इथंच स्पष्ट करते. पत्रिकेच्या प्रोग्रॅमची मूळ फ्लॉपी नानांनी जिवापाड जपलेली होती. ती घातली की तिच्यावरूनच ग्रहतारे परत दिसतील, असं सुभाष म्हणाला होता.)

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. पारनेरहून मावशी आणि तिची मुलगी सुमन आली होती. मावशीनं पायातली चप्पलही काढली नाही.

"विद्ये, पत्रिका काढून ठिवली का नानांनी? दुपारी खर्ड्याची मान्सं येत्यात!"

खर्ड्याचं स्थळ हे मला माहीत होतं. पारनेर आणि खर्डा यांच्या अध्येमध्ये म्हणून बैठक आमच्या घरी ठरली होती, तेही माहीत होतं. ती आज आहे, हे मात्र जाड मथळ्याच्या नादात साफ विसरले होते.

"मावशी, पत्रिका कशाला पाहिजे? मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत..."

"त्यांचं म्हननं हाय तसं. हातची पत्रिका चालनार न्हाई म्हनं. हातची कुनीबी फिरवितं. कॉम्प्युटरची पायजे. न्हाईतर उठून जानार."

मी सुमनकडे पाहिलं. अशा वेळी पीडित स्त्रीनं आवाज उठवावा, असं आमच्या पत्रकात असायचं. सुमननं मला कोपऱ्यात ओढलं.

"हे बघ, मुलगा जामखेडला शाळेत शिकवतो. दोनदा बोललेय मी त्याच्याशी. मला तोच करायचाय. तुझी क्रांती संध्याकाळी कर."

तेवढ्यात पुण्याच्या एसटीतून उतरून नाना आले. चहा घेऊन, हात धुऊन त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर निळं आभाळ आणि पांढरे ढग आले.

"हे आभाळ कुणी आणलं?"

मावशी आणि सुमननं माझ्याकडे पाहिलं.

"विद्या, माझा जवान कुठाय?"

"नाना, घाबरू नका. मूळ फ्लॉपी आहे ना तुमच्याकडं?"

"आहे की!" नानांच्या जिवात जीव आला. "अगदी सुरक्षित जागी आहे."

ते उठले आणि देवघरातून लाल फडक्यात बांधलेलं पुडकं घेऊन आले. आत ती फ्लॉपी. जुन्या पद्धतीची, काळी, पातळ, मोठी. तिच्या कडेला एक उघडी फट असते, त्यातून कॉम्प्युटर आतलं वाचतो. त्या फटीत गेल्या सगळ्या दसऱ्यांची हळद आणि कुंकू ठासून बसलं होतं. वर दोन अक्षताही चिकटल्या होत्या.

नानांनी फुंकर मारली. आमच्या सगळ्यांच्या नाकात कुंकू गेलं. फ्लॉपी आत सरकवली. कॉम्प्युटर कर्रर्र झाला, घर्रर्र झाला, शेंगदाणे भरडल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली : वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करायचा का?

"बघ! विचारतोय!" नाना कडाडले. "दरडाव त्याला!"

दरडावून झालं. शेवटी नाना बाहेर ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. माझं 'पूस' आणि त्यांची पूजा, दोघांनी मिळून सुमनचं लग्न मोडत आणलं होतं. मावशी भिंतीला टेकून खाली बसली. आणि सुमन, जी कधी रडत नाही, ती तिथं उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती.

ते मला बघवेना.

"सुमन, दार लाव," मी म्हटलं. "आपण करू."

कुणीतरी न नेलेली एक पत्रिका खणात होती. ती नमुना म्हणून समोर ठेवली. बारा घरांची चौकट काढली. (विंडोजमध्ये चौकट फार सुरेख येते.) आता ग्रह. कुठला ग्रह कुठल्या घरात हे मला कुठून कळणार? मी आमच्या जाहीरनाम्याचा आधार घेतला : समान वाटप. एका घरात चार ग्रहांची गर्दी आणि बाकीची घरं उपाशी, हा अन्याय निदान मी तरी करणार नव्हते. प्रत्येक घराला एक ग्रह. नऊ ग्रह वाटून झाले, शेवटची तीन घरं रिकामी राहिली. वाईट वाटलं.

"मंगळ कुठं टाकलास?" सुमननं घाबरून विचारलं.

"पहिल्या घरात. पहिला तोच आठवला."

"काढ, काढ! तिसऱ्यात टाक! मंगळी म्हणतील मला!"

मंगळाचं स्थलांतर झालं. राहू आणि केतू यांना मी लागून लागून जागा दिली. नावं कायम जोडीनं ऐकलेली, म्हटलं सोबत होईल.

मग भविष्य. इथं माझा हात जो सुटला, तो सुटलाच. कितीतरी वर्षं पत्रकं लिहून तयार झालेला हात तो! मथळा जाड केला आणि प्रिंटर सोडला.

प्रिंटर किंचाळताच नाना ओट्यावरून धावत आत आले.

"चाललं? चाललं! अगं, देवापुढची फ्लॉपी ती, वाया जाईल का!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. सुमननं माझ्या पायावर पाय दिला. खुलासा तिथंच राहिला.

दुपारी खर्ड्याची मंडळी आली. मुलाचे वडील आबा, मुलगा, आणि पत्रिका बघायला बरोबर आणलेले जोशीबुवा. पोह्यांच्या बश्या फिरल्या. जोशीबुवांनी पत्रिका हातात घेतली, जवळ धरली, लांब धरली, चष्मा पुसला.

"राहू-केतू शेजारी शेजारी?"

मी घाईनं त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

"काय झालं बुवा?" आबांनी विचारलं.

"आवो, हे दोघं कायम समोरासमोर असत्यात. कुनीबी, कुठंबी जन्मू द्या. शेजारी बसल्यालं मी आजवर पायलं न्हाई!"

मावशीनं डोळे मिटले. सुमननं त्या मुलाकडे पाहिलं, मुलानं सुमनकडे. आता सगळं नानांच्या हातात होतं आणि नानांना तर काहीच माहीत नव्हतं. तेच कामाला आलं.

"बुवा," नाना शांतपणे म्हणाले, "मी कुठं म्हणतोय? कॉम्प्युटर म्हणतोय."

"पन असं कंदी झालंच न्हाई!"

"जुन्या काळ्या पडद्यात दिसत नसेल. हे नवीन आहे, खिडक्यांचं. बघा ना, आत थेट आभाळ आहे."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. निळं आभाळ, पांढरे ढग. आबा उठून जवळ गेले, वाकून बघितलं.

"व्हय की हो बुवा! समदं आभाळ हाय ह्यात. आपल्या डोळ्याला थोडंच येवढं दिसतंय?"

जोशीबुवांनी चष्मा काढून ठेवला. आबांनी पत्रिका घेतली आणि भविष्य मोठ्यानं वाचायला लागले.

"'जातकाचा स्वभाव सरळ. अन्याय सहन करणार नाही व करू देणार नाही.' बरं. 'विवाहात हुंडा, मानपान अथवा अन्य कोणत्याही नावाखाली वसुली केल्यास संबंधित घराण्यास शनीची तीव्र पीडा होईल, याची नोंद घ्यावी.'" आबा थांबले. घाम पुसला. "'विवाहानंतर बी. एड. पूर्ण करण्याचा प्रबळ योग. आडकाठी करणाऱ्यांनी परिणामांस तयार राहावे. एकजुटीचा विजय असो.'"

आबांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो शेवटचा कंचा मंतर?" आबांनी हळूच विचारलं.

"नवीन असावा," नाना म्हणाले.

(सवय! पत्रक संपलं की हात आपोआप ते लिहितो.)

"बुवा, शनी येवढं रोखठोक बोलतो व्हय?"

"मी तर कंदी ऐकला न्हाई असा," जोशीबुवा म्हणाले.

आबांनी थोडा विचार केला. "मग मानपान ऱ्हाऊ द्या. दुसरा कुनी ग्रह असता तर बघितलं असतं. शनी पडला आपल्याच जिल्ह्यातला. त्याला यायला कितीसा येळ लागतोय?"

"बी. एड. जामखेडहून करता येईल," मुलगा पहिल्यांदाच बोलला, आणि मावशीनं साखर आणायला धाव घेतली.

खरं म्हणजे तिथं मी उठून निषेध नोंदवायला हवा होता. तत्त्वाचा प्रश्न होता. पण समोर सुमन हसत होती. शिवाय पोहे होते. मी बसून राहिले.

संध्याकाळी सुभाषला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हुंडा नाही, मानपान नाही, मुलीचं शिक्षण चालू. विद्या, मग आपली पत्रकं इतके दिवस काय करत होती गं?"

मूळ फ्लॉपी पुढं अर्थातच चालली नाही. नानांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. "तेवढी एकदाच चालायची होती ती. सुमनसाठी," म्हणाले. यावर काय पत्रक काढणार? मीच नगरला जाऊन नवी फ्लॉपी आणून दिली. तिला आता प्लास्टिकच्या पिशवीवरून हळदकुंकू वाहिलं जातं. तत्त्वाशी मी तेवढीच तडजोड केली आहे. नाना मात्र आता विंडोजचे कट्टर झालेत. जवानाचं नाव काढत नाहीत.

परवा खर्ड्याला सुमनकडे जाऊन आले. ती आता बाई झालीय, शाळेत. आबांच्या बैठकीत, घड्याळाच्या खाली, ती पत्रिका काचेविना चौकटीत लावलेली आहे. खाली उदबत्तीचं घर. दर दसऱ्याला आबा स्वतः तिला हळदकुंकू वाहतात. हळदकुंकवाखाली अक्षर आता एक लागत नाही, जाड मथळासुद्धा गेला. पण त्या घरात त्या पत्रिकेचं सगळे अजून ऐकतात.

माझी बाकीची पत्रकं अजून अगदी स्वच्छ वाचता येतात.