मुंग्यांनी खाल्लेली सतरा तारीख

गणिताच्या टीचरकडे उत्तरं जमतात, सायन्सवाल्यांकडे फुटक्या टेस्ट ट्यूब. ड्रॉइंगच्या टीचरकडे काय जमतं? किस्से! गोव्यात, पेडण्यातल्या एका हायर सेकंडरीत मी बावीस वर्षं ड्रॉइंग शिकवतेय. आमची खोली सगळ्यात शेवटची, एकुलत्या एका जनेलाची, म्हणजे खिडकीची. मुलांचे हात रंगात बुडाले की तोंडातून खरं तेच बाहेर पडतं, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे किस्से धुळीसारखे साचत जातात. आज झाडले की उद्या पुन्हा तेवढेच.

पण गेल्या वर्षी एका मुलीने एकटीने इतके किस्से दिले, की आधीची सगळी वर्षं फिकी पडली. तिचं नाव मृणाली. तिला विचारूनच सांगतेय हो! विचारलं तेव्हा म्हणाली, "सांगा टीचर, खुशाल सांगा. फक्त मुंग्या विसरू नका!"

*

मृणाली तुयेची. आई तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. वडील सुर्लाला, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. शनिवारी घरी यायचे, सोमवारी परत. अकरावीत असताना ही मुलगी एकदम चार महिने गायब झाली. आईने रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'पोटात दुखणे'.

चार महिने पोटात दुखणे! लोक काय गप्प बसतात? तुयेत म्हणाले, किडनी स्टोन. पार्सेपर्यंत त्याची कावीळ झाली. हरमलला टायफॉइड. आमच्या स्टाफरूममध्ये बातमी आली तोवर ऑपरेशन होऊन टाकेसुद्धा निघाले होते!

मग एक दिवस ती माझ्या खोलीच्या दारात उभी. वाळलेली, केस कसेतरी बांधलेले. मी म्हटलं, "ये गो. टाके दुखत नाहीत ना आता?"

"कसले टाके? टीचर, मला डिप्रेशन होतं. म्हापशाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. अजून थोडं आहेच."

इतकं सरळ उत्तर त्या खोलीत मी कधी ऐकलं नव्हतं. त्यावर मी तिला गावोगावच्या आजारांची यादी ऐकवली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बघा ना! चार महिने मी खोलीबाहेर पडले नाही, आणि माझा आजार मात्र अख्खा तालुका फिरून आला!"

*

बारावीच्या मुलांचं आम्ही वर्षाला एक प्रदर्शन भरवतो. मृणाली म्हणाली, "मी माझ्या आजारावर करणार." मला आनंद झाला. लगेच टीचरपणा अंगात आला. म्हटलं, छान! एक अंधारी खोली दाखव, कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेली मुलगी, जनेलातून येणारा एकच उजेडाचा पट्टा. मी खडूने फळ्यावर काढूनही दाखवलं. चांगलं जमलं होतं, खोटं कशाला बोलू!

ती फळ्याजवळ आली.

"टीचर, पण मी अशी कधी बसलेच नाही."

"मग?"

"मी आडवी होते."

मी फळा पुसला.

*

तिने काय केलं ते आता सांगते. एक जुना प्लायवूड घेतला, दारापेक्षा थोडा लहान. त्यावर कॅलेंडरसारखे चौकोन आखले. घरात काढलेल्या चार महिन्यांचे सगळे दिवस, एकेक चौकोन. आणि चौकोनांत त्या-त्या दिवसाची वस्तू. अंथरुणातून उठताच आलं नाही, त्या दिवशी चादरीचा तुकडा. गोळी घेतली, तर गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी चकती. केस विंचरले, त्या दिवशी कंगव्याचा एक दात. असे दात फार नव्हते. आणि ज्या दिवशी अंघोळ केली, त्या दिवशी साबणाची वडी सुरीने कापून काढलेला पातळ काप. त्याभोवती मात्र सोनेरी रंगाची किनार! चार महिन्यांत असे बावीस काप. चित्राला तिने नाव दिलं, 'आज अंघोळ केली'.

आमच्या पीटीच्या सरांनी डोकावून बघितलं आणि म्हणाले, "आम्ही रोज करतो गो अंघोळ, आमची चित्रं कोण लावत नाही!"

मृणाली म्हणाली, "सर, तुम्ही रोज मैदानाला पाच फेऱ्या मारता. प्लास्टर घातलेल्या माणसाने एक मारली तर?"

सर गेले. थोड्या वेळाने परत आले आणि दारातूनच म्हणाले, "टाळ्या वाजवीन." परत गेले!

*

आता मुंग्या.

काही दिवस तिने नुसता उंडो, म्हणजे आमचा कडक कवचाचा गोल पाव, खाल्ला होता. तोही पूर्ण नव्हे. आई चहाबरोबर द्यायची, ही आतला मऊ भाग खायची आणि वरचं कडक कवच तसंच टाकायची. त्या दिवसांच्या चौकोनांत तिने उंड्याची कवचं वाळवून, वार्निश लावून चिकटवली. मी सांगितलं होतं, मागूनही वार्निश लाव. ऐकतात कुठे!

आमचे शिपाई अनंतमामा. सोमवारी सकाळी खोली उघडायला गेले आणि तिथूनच ओरडले, "टीचर! धावा! सतरा तारीख गेली!"

मी आणि मृणाली धावलो. प्लायवूडवर मुंग्यांची रांग. तिसऱ्या महिन्यातल्या सतराचा चौकोन साफ. मुंग्या अठराकडे वळल्या होत्या. अनंतमामांच्या एका हातात झाडू, दुसऱ्या हातात हळदीची पुडी, कपाळावर घाम. म्हणाले, "अठरा मी राखली. पण सतरा माझ्या हाती लागली नाही!"

मी मृणालीकडे भीत भीत बघितलं. दोन महिन्यांची मेहनत. आता ही रडली तर? पुन्हा घरी बसली तर? डॉक्टरांना फोन करावा की आईला, इथपर्यंत माझं मन जाऊन पोचलं.

ती वाकली. नीट बघितलं. आणि म्हणाली, "खाऊ दे टीचर. सतरा तारीख तशी वाईटच होती."

आणि हसली! नुसतं हसली नाही, पोट धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अनंतमामा बिचारे झाडू घेऊन उभे. त्यांना वाटलं मुलगी रडतेय. तेच रडायला लागले!

सतराचा चौकोन तिने तसाच ठेवला. उंड्याचे चार कण आणि वार्निशमध्ये अडकलेली एक मुंगी.

*

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी प्रिन्सिपल सरांनी मला बोलावलं. सर माणूस चांगला, फक्त भित्रा. म्हणाले, "टीचर, ते गोळ्याबिळ्या जरा... पालक येणार, पंचायतीचे लोक येणार. म्हणतील, शाळेत मुलांची डोकी बिघडतात. नाव तरी बदला. 'आरोग्य हीच संपत्ती' कसं वाटतं?"

मी म्हटलं, चित्र तिचं, नाव तिचं. सर म्हणाले, मग आईला बोलवा.

आई शिफ्ट संपवून थेट आली. कारखान्याचा निळा कोट अंगात, डोक्यावर जाळीची टोपी, काढायचीच विसरलेली. खुर्चीवर टेकली पण पाठ लावली नाही. सरांनी पंधरा मिनिटं समजावलं. मुलीचं भविष्य, मुलीचं लग्न, समाज, सगळं झालं. आई ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "सर, माझ्या हातांखालून दिवसाला हजारो गोळ्या जातात. त्या कोणीतरी घेतच असतील ना? सगळ्या माझ्याच मुलीच्या पोटात जात नाहीत."

सर गडबडले. म्हणाले, "अहो बाई, पण अर्जावर पोटात दुखतं असं तुम्हीच लिहिलं होतं!"

"होय. तेव्हा मी भीत होते," आई म्हणाली. "आता तुमची पाळी."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि मला म्हणाले, "टीचर, ते नाव जरा मोठ्या अक्षरात लिहा. मागच्यांना दिसत नाही."

*

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी वडील आले. सुर्लाहून तडक, ट्रक घेऊनच. बोलायला मुळात कमी. मुलगी आजारी असताना रविवारभर ते तिच्या पायाशी बसायचे, बोलायचे काहीच नाहीत. ट्रकवरची पँट, खनिजाची लाल माती बसलेली. चादरीला लाल डाग पडायचे आणि आई रागवायची. मृणालीने त्या चादरीचे नेमके तेच तुकडे कापून रविवारच्या चौकोनांत लावले होते. आई मला म्हणाली होती, "चांगली चादर कापली हो!" पण हे बोलताना ती दुसरीकडे बघत होती.

वडील त्या चौकोनांपुढे किती तरी वेळ उभे राहिले. एक बोट पुढे करून डाग दाखवला.

"हें माजें?"

"होय पप्पा."

मग म्हणाले, "आणि धुवंक ना?"

"ना."

"बरें केलें," म्हणाले आणि बाहेर जाऊन ट्रकच्या टपाकडे बघत उभे राहिले. मी बाहेर जायला निघाले, तर मृणालीने हात धरला. "राहू द्या टीचर. ते असेच बोलतात."

*

लोकांचं म्हणाल तर एकेक नमुना! एक बाई अंगठ्याने चौकोन मोजत मोजत शेवटपर्यंत आल्या आणि मला विचारलं, "ह्यात संकष्टी कुठे दाखवली नाही?" दुसऱ्याने विचारलं, "असलं कॅलेंडर पुढच्या वर्षाचं मिळेल?" मृणाली म्हणाली, "नको काका, हे एकच पुरे!"

परीक्षक पणजीहून आलेले, दाढीवाले. चित्रात बरेच चौकोन अगदी रिकामे होते. नुसता प्लायवूड. त्यांनी तिथे पेन टेकवलं. "हे भरायचे राहिले वाटतं? वेळ कमी पडला?"

"नाही सर," मृणाली म्हणाली. "सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच लागला."

परीक्षकांनी पेन खिशात ठेवलं.

आता तुम्हाला वाटेल पहिलं बक्षीस! छे! मिळालं उत्तेजनार्थ. पहिलं बक्षीस समुद्रकिनाऱ्यावरच्या सूर्यास्ताला, दोन माड आणि एक होडी. अनंतमामांना हे अजिबात पटलं नाही. "टीचर, सूर्यास्त तर रोज फुकट पडता. त्याका बक्षीस कित्याक?"

*

शेवटचा सांगते आणि थांबते.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मांद्र्याचे एक गृहस्थ आले. साठीचे, इस्त्रीचा शर्ट, पायांत नव्या चपला. समुद्राजवळ त्यांचं चार खोल्यांचं गेस्टहाऊस. भाची आमच्या शाळेत, तिचं चित्र बघायला आले होते. ते दोन मिनिटांत बघून झालं. मग मृणालीच्या प्लायवूडपुढे आले आणि तिथेच राहिले. गर्दी ओसरली तरी तिथेच.

शेवटी तिला खुणेने जवळ बोलावलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "बाय, हो डॉक्टर खंयचो गो?"

"म्हापशाचे."

"बरो आसा?"

"बरे आहेत. ओरडत नाहीत."

"म्हाका न्हय हां," ते घाईने म्हणाले. "आमच्या शेजाऱ्याक. तो हल्ली फोन उचलत नाही. जेवायला बसतो आणि बसूनच राहतो. लोकांशी हसतो, पण लोक गेले की..."

मृणालीने वहीचं पान फाडून पत्ता लिहून दिला. वर हेही लिहिलं की, मंगळवारी गर्दी कमी असते. त्यांनी कागदाच्या चार घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवला. जाताना पुन्हा सांगून गेले, "शेजाऱ्याक दितां."

पुढच्या मंगळवारी मृणालीची तपासणी होती. आईची शिफ्ट, म्हणून मी गेले सोबत. डॉक्टरांकडे बाकावर बसलोय, आणि समोरच्या बाकावर कोण? मांद्र्याचे गृहस्थ! तोच इस्त्रीचा शर्ट. मांडीवर पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा वर आलेल्या, डॉक्टरांसाठी आणलेल्या असाव्यात. आम्हाला बघून ते अर्धे उठले, पुन्हा बसले.

मृणालीने इकडे तिकडे बघितलं. ते एकटेच होते.

"काका, शेजारी खंय?"

गृहस्थांनी शेंगा पिशवीत आत सारल्या, वर बघितलं आणि म्हणाले, "शेजाऱ्याक वेळ ना गो बाय. म्हणून हांवच आयलों."